सांधा कुणाच्या नावावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंदाच तुम्ही सिनियर कॉलेजात भूगोल शिकवायला लागलात. दुसऱ्या वर्षाच्या साठ मुलांचे सहा-सहाचे दहा गट केले आणि प्रत्येक गटाला फील्ड प्रोजेक्ट दिला. बहुतेक गटांत एक-दोघांनीच काम केलं, बाकीच्यांनी सह्या केल्या. जमा करायच्या आदल्या रात्री सगळ्यांचे तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा झाले, टायपिंगवाल्याने ते जोडले आणि सकाळी स्पायरल करून तुमच्या टेबलावर आले. राबलेली मुलं नंतर येऊन रडली, कारण गुण सगळ्यांना सारखेच पडले. आता तुम्ही विचारताय की पुढच्या वर्षी गटप्रकल्प द्यावेत का, आणि दिले तर ते नीट होण्यासाठी काय करावं.

मी सातारा जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व पट्ट्यात, माणदेशाच्या बाजूला, चोवीस वर्षं हाच विषय शिकवते आहे. पहिली सहा-सात वर्षं माझ्या वर्गातही अगदी हेच व्हायचं. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. विषय एकट्याने होण्यासारखा असेल तर तो एकेकट्यालाच द्या. ‘आपल्या तालुक्याचे हवामान’ असा विषय सहा जणांना दिला की मुलं सहा पोटविषय वाटून घेणार, आणि त्यांचं काही चुकत नाही. दुसऱ्याचं पान न वाचता आपलं पान लिहून होत असेल तर कुणी कुणाचं कशाला वाचेल? अशा वेळी मुलांना आळशी ठरवून उपयोग नाही. सहा सुटी कामं एका पुठ्ठ्यात बांधून आणा असं आपणच सांगितलेलं असतं, आणि मुलं ती बांधून आणतात.

गटाला असं काम हवं की एकाच्या आकड्यावाचून दुसऱ्याचा आकडा अडून राहील. आमच्या भागात असं काम शोधायला लांब जावं लागत नाही. गावाचा पाण्याचा ताळेबंद. हिवरे बाजारने दर वर्षी असा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची पद्धत पाडली आणि पुढे तो शब्द गावोगाव पोचला. पडलेलं पाणी एका बाजूला, लागणारं पाणी दुसऱ्या बाजूला. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. एवढं एक सूत्र हाताशी असलं की बारावी कला झालेलं मूलसुद्धा हा हिशेब करू शकतं. चार जणांत काम आपोआप वाटलं जातं: पाऊस आणि शिवार, पिकं, विहिरी-बोअर, माणसं आणि जनावरं.

एका वर्षी साधारण दोन हजार वस्तीचं गाव एका गटाकडे होतं. घरगुती पाण्याचं पान एका मुलीकडे होतं. जल जीवन मिशनचा माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब तिने धरला, तर वर्षाचे सुमारे चार कोटी लिटर झाले. पिकांचं पान एका मुलाकडे होतं. पाटाने भिजवलेल्या उसाला त्याने २००० मिलिमीटर पाणी धरलं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. दोघांची पानं बरोबर होती आणि दोन्ही वाचायला कंटाळवाणी होती. मग एका दुपारी दोघं एका बाकावर बसून सगळे आकडे एका तक्त्यात उतरवायला लागली आणि मुलगी मध्येच थांबली. अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापरण्याचं पाणी आणि दोन हेक्टर ऊस, दोन्हीला सारखंच पाणी? त्यांनी तीनदा गुणाकार केला. मग ती दोघं धावत स्टाफरूममध्ये आली.

अहवालातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते होतं, आणि ते दोघांपैकी कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. ते दोन पानांच्या मध्ये होतं. मी त्या जागेला सांधा म्हणते. इतक्या वर्षांत जेवढे गट फसलेले पाहिले, त्यातले बहुतेक सांध्यात फसले. मुलांनी आपापला भाग बऱ्यापैकी केलेला असतो. दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात ती जागा कुणाच्याच नावावर नसते.

सांधा निखळतो म्हणजे काय होतं, तेही सांगते. त्याच्या आधीच्या एका वर्षी दोघा मुलांनी एकाच शिवाराचं पिकाखालचं क्षेत्र गोळा केलं. एकाने तलाठ्याकडच्या नोंदी पाहिल्या, दुसऱ्याने बांधावर जाऊन शेतकऱ्यांना विचारलं. दोघांच्या वहीत एका शेतापुढे ‘१.२०’ लिहिलेलं होतं. ताळा जमला म्हणून दोघं खूश झाली आणि पुढच्या सगळ्या शेतांचे आकडे त्यांनी एकत्र मिसळले. पण सातबाऱ्यावरचं १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळपास तीन एकर. शेतकऱ्याच्या तोंडचं एक-वीस म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. एकच आकडा आणि जमीन दुप्पट. ती दोन वेगळी शेतं होती, हेही नंतर कळलं. सगळा ताळेबंद कोसळला आणि तो सुधारायला दिवस उरले नव्हते. दोन्ही मुलं कामसू होती, दोघांनी उन्हात पायपीट केली होती. माझी चूक ही की ‘क्षेत्र कशात मोजायचं’ हे ठरवायला मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी पहिल्या तासाला कामाचं वाटप करत नाही. पहिल्या तासाला प्रत्येक गट अहवालाचं शेवटचं पान काढतो, म्हणजे ताळेबंदाचा रिकामा तक्ता. मोठ्या कार्डशीटवर, स्केचपेनने. कुठला रकाना कशातून भरणार ते चौघं बोलून ठरवतात. मग प्रत्येक रकान्यावर एक नाव लिहायचं. आणि त्यानंतर, हे मी कधी चुकू देत नाही, एका रकान्यातून दुसऱ्यात आकडा जातो तिथे बाण काढायचा आणि त्या बाणावरही एक नाव लिहायचं. पिकांचं क्षेत्र पाण्याच्या गरजेत बदलणारा बाण, विहिरींची पातळी साठ्यात बदलणारा बाण. बाणावर ज्याचं नाव आहे त्याने दोन्हीकडची पानं वाचायची, एकक तपासायचं, काही जुळत नसेल तर दोघांना एकत्र बसवायचं. चौघांत चार रकाने आणि साधारण चार-पाच बाण होतात. कुणालाच फक्त स्वतःचं पान बघून चालत नाही.

त्याच कार्डशीटच्या मागच्या बाजूला शब्द आणि एककं. क्षेत्र हेक्टरमध्ये. पाणी घनमीटरमध्ये, गावापुढे मांडताना लिटरमध्ये. विहिरीची खोली मीटरमध्ये, म्हातारी माणसं ‘परस’ या जुन्या मापात सांगतील ती वहीत तशीच लिहायची आणि शेजारी मोजून मीटर. ‘बोअर’ म्हणायचं की ‘विंधन विहीर’, ‘बागायत’मध्ये काय धरायचं, वर्ष जूनपासून धरायचं की जानेवारीपासून. हे सगळं एका पानात मावतं आणि तासाभरात होतं. मुलांना आधी हा फुकटचा खटाटोप वाटतो. तेव्हा मी त्यांना आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं तेव्हा कितीतरी लेखक वेगवेगळ्या गावांत बसून वेगवेगळ्या विषयांवर नोंदी लिहिणार होते. नोंदींचा पहिला खंड १९७६ साली आला. त्याच्या आधी, १९७३ साली, परिभाषासंग्रह छापून झाला होता. एका संज्ञेला सगळीकडे एकच शब्द असावा, हे इतक्या मोठ्या विद्वानांनाही आधी बसून ठरवावं लागलं. आपली चार मुलं तर घरी चार बोलींत बोलतात.

आता अंगचोरीबद्दल. तुमचा राग त्यावरच आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण ही गोष्ट मुलांच्या स्वभावापेक्षा जुनी आणि खोल आहे. फ्रान्समध्ये माक्सिमिलियँ रिंगेलमान नावाचे शेतकी अभियंता होते. १८८० च्या दशकात त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ साली ते प्रसिद्ध केलं. माणसं वाढत गेली तशी एकेकाची ओढ कमी होत गेली. आठ जण एकत्र ओढायला लागले तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागला असता त्याच्या जवळपास निम्म्यावर आला होता. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये टाळ्या आणि ओरडणं घेऊन असाच प्रयोग केला, तिथेही तेच दिसलं. दोन गळत्या असतात. एक म्हणजे माणूस हात राखून काम करतो. दुसरी म्हणजे सगळे एका वेळी, एका दिशेने ओढत नाहीत. पहिलीवर बरंचसं औषध साधं आहे. आपला वाटा वेगळा दिसतो, मोजला जातो, असं ठाऊक असलं की माणूस हात राखत नाही. रकान्यावरचं नाव ते काम करतं. दुसरीला मात्र नावं पुरत नाहीत, तिला बाण लागतात.

गट सहाचा ठेवू नका. तिघांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात, चौघांत सहा, पाच जणांत दहा, सहा जणांत पंधरा. पंधरा जोड्यांमध्ये निरोप नीट पोचवणं मोठ्यांनाही जमत नाही. मी चारवर स्थिर झाले आहे. एखादा आजारी पडला तरी तिघं काम ओढून नेतात. साठ मुलांचे पंधरा गट होतील आणि तुमचं तपासायचं काम वाढेल, हे खरं. पण मार्चमध्ये जी भांडणं सोडवत बसावं लागतं त्यापेक्षा हे बरं.

गट कसे पाडायचे? हजेरी क्रमांकाने पाडले तर लग्नासारखं होतं, कोण कुणाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही. मैत्रीवर सोडलं तर हुशार एका बाजूला जातात आणि वर्गात ज्यांना कुणी विचारत नाही ती चार मुलं शेवटी उरतात. त्या उरण्याचं दुःख मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, म्हणून ते मी पूर्ण बंद केलं. मी गट एसटीच्या मार्गावरून पाडते. एकाच गाडीने येणारी-जाणारी मुलं एका गटात. त्यांना रोज स्टँडवर अर्धा तास आणि गाडीत पाऊण तास मिळतो. शेवटची गाडी पाच वाजता सुटत असेल तर ‘कॉलेज सुटल्यावर भेटा’ या सूचनेला अर्थ नसतो, विशेषतः मुलींसाठी. मार्ग ठरला की मग त्यातल्या त्यात पाहते, प्रत्येक गटात एकाला तरी हिशेब जमतो का, एकाला तरी अनोळखी माणसाशी बोलता येतं का.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. मोकळं सोडलं की मुलगे गाडीवर बसून गावात फिरतात आणि मुली अक्षर चांगलं म्हणून लिहीत बसतात. वर्षाअखेरीस मुलग्यांना गावातली माणसं ओळखायला लागलेली असतात आणि मुलींना समासाच्या रेघा. मी पहिल्याच दिवशी सांगते, प्रत्येकाने किमान दोन विहिरी स्वतः मोजायच्या आणि प्रत्येकाने किमान दोन पानं स्वतः लिहायची. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, ही विहिरीवर कशाला जाणार? मी त्यांनाच सोबत यायला सांगितलं. ते आले, आणि गावातल्या जुन्या विहिरींची जेवढी माहिती त्यांच्याकडून मिळाली तेवढी ग्रामपंचायतीच्या दप्तरातही नव्हती.

लिहिण्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. ‘आधी सगळी माहिती गोळा करू, मग लिहू’ असं मुलं म्हणतात. तिसऱ्या आठवड्यातच दोन पानांचा पूर्ण अहवाल मागा. पूर्ण म्हणजे सुरुवातीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत, आकडे नसतील तिथे रिकाम्या जागा ठेवून. दोन पानांत सगळ्यांचे भाग एकमेकांना खेटूनच बसतात, त्यामुळे सांधे लगेच उघडे पडतात. मग ती दोन पानं फुगवत न्यायची. वीस पानी तुकडे आणून एकत्र जोडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं. भांडणंही तिसऱ्या आठवड्यात होतात, आणि तेव्हाची भांडणं कामाची असतात.

मराठीत लिहिणाऱ्या गटांसाठी एक अगदी व्यवहारातली गोष्ट. पहिल्या दिवशीच सगळ्यांनी युनिकोडमध्ये लिहायचं असं ठरवून घ्या. एकाने फोनवर बोलून टाइप केलं, दुसऱ्याने दुकानातून कृतिदेव फाँटमध्ये करून आणलं, तिसऱ्याने श्रीलिपी फाँटमध्ये, तर एकत्र केल्यावर निम्मा अहवाल इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो आणि शेवटच्या रात्री पुन्हा टाइप करावा लागतो. एका गूगल डॉकमध्ये चौघांनी लिहिलं तर आणखी एक फायदा होतो. कोणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, त्याचा इतिहास तिथे राहतो. मी तो पोलिसासारखा तपासत नाही. पण गटातच वाद झाला की मुलं स्वतः तो उघडून बघतात आणि बरेच वाद माझ्यापर्यंत येतच नाहीत. ज्याच्याकडे चांगला फोन नाही त्याने कागदावर लिहावं, दुसऱ्याने ते डॉकमध्ये घालून खाली त्याचं नाव टाकावं. ही सोय आधीच जाहीर करा. नाहीतर ते मूल गप्प राहतं आणि आपण त्याला कामचुकार समजतो.

प्रत्येकाचं पान दुसऱ्याने दुरुस्त करायचं, पण थेट बदलायचं नाही. सूचना लिहायची, कारण लिहायचं, मूळ लेखकाने स्वीकारायचं. आमच्याकडे दुसऱ्याच्या वाक्याला हात लावणं म्हणजे त्याचा अपमान, असं मुलांना वाटतं. म्हणून पहिल्यांदा मी वर्गात माझंच एक जुनं पान फळ्यावर लावते आणि त्यांना ते दुरुस्त करायला सांगते. मग भीड चेपते.

आणि शेवटी मोठ्याने वाचन. अहवाल पूर्ण झाला की एकाने सगळा मोठ्याने वाचायचा, तिघांनी हातात कागद न घेता ऐकायचं. डोळ्यांना न दिसणारे सांधे कानाला लगेच कळतात. एका पानावर ‘सदर गावाचे सर्वेक्षण करण्यात आले’ आणि पुढच्या पानावर ‘आम्ही पाटलांच्या मळ्यात गेलो’ असं आलं की ऐकणारे मान वर करतात. कुठला सूर ठेवायचा ते गटाने ठरवावं. मला स्वतःला ‘आम्ही गेलो, आम्ही मोजलं’ हा सूर जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कोणी काय केलं ते लपत नाही. वाचन झाल्यावर एकाच माणसाचा शेवटचा हात फिरावा. तो कोणाचा, हे सुरुवातीलाच ठरवा आणि त्याला विहिरी मोजायचं काम थोडं कमी द्या. हुशार म्हणून आयत्या वेळी हे काम गळ्यात पडलेली मुलगी रात्रभर जागते आणि तुमच्याकडे येऊन रडते ती बहुधा तीच असते.

चॅटजीपीटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण यंदा ते आलंच असेल. मी मुलांना एकच कसोटी दिली आहे: हे वाक्य गावात पाऊल न टाकता लिहिता आलं असतं का? आलं असतं तर काढून टाका. ‘जल हे जीवन आहे’ जातं, ‘पाण्याचे योग्य नियोजन ही काळाची गरज आहे’ जातं. ‘मारुतीच्या देवळामागची विहीर मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळाला गेली’ राहतं. पहिल्यांदा ही चाळणी लावली की बारा पानांची पाच होतात. ती पाच पानं त्यांची असतात.

गुणांचं मी असं करते. पन्नासपैकी पंचवीस अहवालाला, ते चौघांना सारखे. पंधरा तोंडी परीक्षेला, प्रत्येकाचे वेगळे. दहा वहीला. वही म्हणजे दर भेटीनंतरच्या तीन ओळी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. तोंडी परीक्षेत मी कुणालाही त्याच्या स्वतःच्या पानाबद्दल विचारत नाही. चिठ्ठी काढते आणि दुसऱ्याच्या पानावर प्रश्न विचारते. विहिरी मोजणाऱ्याला उसाचं पाणी कुठून आलं ते सांगता यायला हवं. हे पहिल्या दिवशीच जाहीर केलं की मुलं एकमेकांना समजावून सांगायला लागतात. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र आल्या आणि वर्गात ताण वाढला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी असंच केलं होतं. धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे दिला, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय पूर्ण धडा मिळेना. ज्या मुलाला कुणी विचारत नव्हतं त्याचंही ऐकावं लागलं. मला ही गोष्ट फार आवडते.

मुलांनी एकमेकांना गुण द्यावेत का? परदेशातल्या विद्यापीठांत ही पद्धत रुळलेली आहे आणि मी ती तीन वर्षं करून पाहिली. आमच्या वर्गात ती नीट चालली नाही. भावकी, जात, एकमेकांच्या घराशी असलेले व्यवहार, सगळं त्या आकड्यांत उतरायला लागलं. आता मी गुप्त चिठ्ठी घेते, पण गुणांऐवजी दोन वाक्यं मागते: माझं काम कुणामुळे सोपं झालं, आणि कुठे अडलं. त्या चिठ्ठ्या वाचून तोंडी परीक्षेत कुणाला काय विचारायचं ते ठरवते.

एका मुलाबद्दल सांगायलाच हवं. गटाच्या बैठकांना तो कधीच नसायचा. वहीत त्याचं नाव दिसायचं नाही. मी त्याला दहापैकी दोन दिले आणि सगळ्यांसमोर बोललेही. नंतर त्याच गटातल्या मुलीच्या चिठ्ठीतून कळलं की तो रात्रपाळीला कारखान्यात जात होता. पहाटे परत येताना वाटेवरच्या अकरा विहिरींची पातळी तो सलग दोन महिने मोजत होता आणि चिठोरी तिच्या दप्तरात टाकत होता. अहवालातला सगळ्यात भक्कम तक्ता त्याचा होता. मी वर्गात त्याची माफी मागितली आणि गुण बदलले. पण तो सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा होता तो दिवस मला परत फिरवता आला नाही. तेव्हापासून ‘तू काम का करत नाहीस’ असं विचारायच्या आधी मी ‘तुझा दिवस कसा जातो’ असं विचारते. कांद्याची लागण, ऊसतोडीला गेलेले आईवडील, घरी सांभाळायची लहान भावंडं, यातलं काही ना काही निघतं. मग त्या मुलाला त्याच्या दिवसात बसेल असा रकाना देता येतो. खरोखर अंग चोरणारंही एखादं असतं. ते तोंडी परीक्षेत उघडं पडतं, त्यासाठी वेगळी शिक्षा लागत नाही.

आणि गट रखडला तर त्यात मदतीला आणखी मुलं घालू नका. आयबीएममध्ये मोठ्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो. मी एका लंगडणाऱ्या गटात एकदा चांगली मुलगी पाचवी म्हणून घातली होती आणि दोन आठवड्यांत पाचही जण एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यापेक्षा काम कमी करा. चार वाड्यांऐवजी एक वाडी, पण ती पूर्ण.

शेवटचं म्हणजे, अहवाल कोण वाचणार? फक्त तुम्ही आणि बाहेरून येणारे एक्स्टर्नल परीक्षक वाचणार असाल तर मुलं तेवढ्यापुरतंच लिहितात. आमचे गट २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ताळेबंद मांडतात. तो दोन हेक्टर उसाचा आकडा ज्या वर्षी निघाला, त्या वर्षी सभेत एक बागायतदार उठले आणि म्हणाले, माझ्या ठिबकला एवढं पाणी लागत नाही. पिकांचं पान लिहिणारा मुलगा घाबरून गप्प झाला. उठली ती घरगुती पाण्यावाली मुलगी. त्या बाणावर तिचं नाव होतं. ती म्हणाली, आम्ही पाटाचं पाणी धरलंय, ठिबकचं वेगळं मोजलेलं नाही. तुमच्या मोटारीचे तास सांगाल का? बागायतदारांनी तास सांगितले, ते आमच्या वहीत आहेत.

तेव्हा ऑगस्टमध्येच जवळच्या चार-पाच गावांच्या सरपंचांना भेटा आणि जानेवारीच्या सभेत मुलांना वीस मिनिटं द्याल का, असं पत्र द्या. पत्राचा मसुदा गटालाच लिहू द्या. दोन परिच्छेदांचा तो मसुदा हेच त्यांचं पहिलं एकत्र लिखाण ठरेल, आणि कुठला सांधा सैल आहे ते तुम्हाला त्यातच दिसायला लागेल.